सारंगखेड्याला निघालात? किंमत नंतर विचारा, आधी घोडा बघा

तापीथडी (शहादा)

राम राम मंडळी.

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की आमच्या भागात दोनच विषय चालतात, कापसाचा भाव आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार. एकमुखी दत्ताची यात्रा, तापीकाठची गर्दी, मारवाड-काठियावाड-पंजाबकडून ट्रकमधून उतरलेली जनावरं. धुळे-जळगावकडची मंडळी येतात, 'तो कोटीचा घोडा कुठे बांधलाय?' विचारतात, त्याच्याशेजारी फोटो काढतात, शेवभाजी हाणतात आणि घरी जातात. किंमत पाठ, घोडा कोरा.

म्हणून हा धागा. घोड्याबद्दल जे ऐकून तुम्हाला 'छे, कसं शक्य आहे' वाटलं ते इथे टाका. माझं मत असं की जुन्या व्यापाऱ्यांच्या ज्या सवयी आपण नुसत्या रीती समजतो, त्यांच्यामागे बहुतेक वेळा घोड्याच्या शरीराचंच काही तरी गुपित असतं.

सुरुवात दातांपासून करतो. व्यापारी भाव बोलायच्या आधी घोड्याचा ओठ वर करतो. समोरचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडायला लागतात. मधली जोडी आधी, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. त्यानंतर दातांच्या माथ्यावरचे काळे खड्डे झिजत जातात आणि खालच्या जबड्यात साधारण आठव्या वर्षापर्यंत सपाट होतात. मग वय कशावरून ओळखायचं? वरच्या जबड्यातला समोरच्या दातांपैकी कडेचा दात बघा. दहाव्या वर्षाच्या आसपास त्यावर हिरडीपाशी एक तपकिरी रेघ उगवते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत. अंदाजच हा, पण 'सहाचं आहे साहेब' म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला पुरतो. खड्डे कोरून, काळे करून म्हातारं जनावर तरुण दाखवायची लबाडीही जगभर जुनी आहे. ती रेघ मात्र सहज लपत नाही.

आणखी एक. घोड्याला साधारण ४० दात, घोडीला ३६. फरक सुळ्यांचा. घोडीला ते बहुधा येतच नाहीत.

---

भुसावळ_जंक्शन

घोडा उभ्या उभ्या झोपतो असं लहानपणापासून ऐकलंय. पण मागे यात्रेत भल्या पहाटे गेलो तर काही घोडी चक्क आडवी पसरलेली. आजारी होती की ऐकलेलं खोटं?

---

गुरांचा_डॉक्टर (शिरपूर)

दोन्ही खरं. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी घोडा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवून ठेवू शकतो. एकदा ती अडकली की स्नायूंना फार जोर न लावता पाय ताठ राहतो. दुसरा मागचा पाय खुराच्या टोकावर सैल टेकलेला असतो. थोड्या वेळाने पाय बदलतो. डुलकी अशी निघते. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप उभ्याने मिळत नाही, कारण त्या झोपेत स्नायू पार ढिले पडतात. त्यासाठी आडवं व्हावंच लागतं, आणि दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास तेवढं पुरतं.

आता गोम ऐका. जिथे जिवाला धोका वाटतो तिथे घोडा आडवा होत नाही. बरेच दिवस असं झालं की उभ्याउभ्या झोप लागते आणि पुढच्या पायांवर कोसळता कोसळता तो सावरतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून खरचटल्याच्या जुन्या खुणा दिसल्या तर 'कशाच्या?' म्हणून विचारा. ठेच लागून पडलेलाही असू शकतो. दोन्ही कारणं घेणाऱ्याला माहीत हवीत.

तुम्ही पाहिलेली घोडी बहुधा निर्धास्त होती. एक-दोन आडवी आणि बाजूला एखादं उभं, असं दिसलं असेल.

---

अहिराणी_गडी

डॉक्टरसाहेब, सम्दं खरं शे. पन यात्रामा मी काय देखं? घोडापेक्षा घोडाना मालकच जास्त नाचस. 😄

---

गुरांचा_डॉक्टर

ते पण खरंच शे भो.

आता पोटाबद्दल लिहितो, कारण यात्रेच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन पोटाचेच येतात.

घोडा उलटी करू शकत नाही. अन्ननलिका जठरात तिरकी शिरते आणि तिच्या तोंडाशी स्नायूचं कडं इतकं घट्ट असतं की आत गेलेलं वर येत नाही. त्यातून एवढ्या मोठ्या जनावराचं जठर अवघं आठ ते पंधरा लिटरचं. निसर्गाने त्याला दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं गवत खाण्यासाठी बनवलंय. पित्ताशय तर त्याला नाहीच. साठवायचं कशाला, पित्त सारखं झिरपतच असतं.

गाय आधी आंबवते आणि मग पचवते. घोड्याचं उलटं. आधी जठर आणि लहान आतडं, आणि गवताचा चोथा आंबवण्याचं काम शेवटी, मोठ्या आतड्यात. म्हणून गाईला चालणारी चूक घोड्याला चालत नाही. यात्रेत घोडं टवटवीत दिसावं म्हणून अचानक तोबरा भरून हरभरा किंवा मका चारला तर दाणा न पचता मागे जातो, वायू धरतो, आतडं फुगतं. जठरातच फुगला तर जठर फुटतं सुद्धा, कारण वरून बाहेर पडायची वाट नाही. यातून वाचला तरी चार-दोन दिवसांत खुरांच्या आत सूज येऊन जन्माचा लंगडा होऊ शकतो. खाल्लं पोटाने, भोगलं पायांनी.

पोटशूळ ओळखायचा कसा? घोडा कुशीकडे वळून वळून बघतो, पुढच्या पायाने माती उकरतो, मागच्या पायाने पोटावर लाथ मारतो, लोळतो. नेहमीच्या मजेतल्या लोळण्यानंतर उठून अंग झाडतो, धुरळा उडवतो. दुखण्यातला घोडा उठतो पण बहुधा अंग झाडत नाही, लगेच पुन्हा बसायला बघतो. कुशीला कान लावा. निरोगी पोट गुरगुरत असतं. शांत पोट वाईट. ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. पांढरा ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला सापडते. उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. शांत उभा असून साठीच्या पुढे गेली असेल तर गप्पा सोडा आणि डॉक्टर बोलवा. तेल पाजत बसू नका. नाकात-फुप्फुसात गेलं तर नवं संकट.

नाकावरून आठवलं. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. पळून आलेला कुत्रा जीभ काढून धापतो, तशी सोय याला नाही. म्हणून नाकपुड्या एवढ्या फुलतात. चौखूर धावताना एका झेपेला एक श्वास, असं ते गणित पक्कं बांधलेलं असतं. आणि पळायला लागला की प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडतो, म्हणजे जादा प्राणवायू वाहणारे हमाल ऐन वेळी कामावर येतात.

---

इतिहासवेडा_धुळे

डॉक्टरांच्या चाऱ्याच्या मुद्द्याला जुना पुरावा आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने दक्षिणेतल्या कोरोमंडल किनाऱ्याबद्दल लिहून ठेवलंय की तिथले राजे दर वर्षी समुद्रामार्गे हजारो घोडे विकत घेत आणि त्यातले बरेचसे मरून जात. कारण म्हणून तो सांगतो की तिथे घोड्यांना नीट सांभाळणारी माणसं नव्हती. घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस चारत! व्यापाऱ्यांचं काय, दर वर्षी नवं गिऱ्हाईक.

म्हणूनच मराठ्यांचं तट्टू मला जास्त शहाणपणाचं वाटतं. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी बुटकं, काटक, मिळेल ते खाणारं, डोंगरात पाय न घसरणारं. शेजारी अरबी घोडा उभा केला तर फोटो कोणी काढणार नाही. पण साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मुघलांशी उघड्या मैदानात लढाई झाली, ती जिंकणाऱ्या फौजेत असलीच तट्टं होती.

---

नालबंदाचा_नातू (चोपडा)

आजोबांचं नालेचं दुकान होतं, म्हणून पायांवर मी बोलणार.

घोडा चार बोटांवर चालतो. प्रत्येक पायाचं एकेक, मधलं बोट. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या पूर्वजाला पुढे चार आणि मागे तीन बोटं होती, अंगाने तो कुत्र्याएवढा. बाकीची बोटं गेली, पण नळीच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवलात तर त्वचेखाली बारीक काड्यांसारखी हाडं लागतात. गेलेल्या बोटांची तीच निशाणी.

आमची आजी कोडं घालायची. भाकरी का करपली, घोडा का अडला, विद्या का विसरली? उत्तर एकच, न फिरवल्याने. यातल्या घोड्याचा भाग शब्दशः खरा आहे. गुडघ्याच्या खाली घोड्याला स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसत्या दोरीसारख्या कंडरा आणि हाडं. मग खालचं रक्त वर कसं चढतं? खुराच्या तळाशी मागच्या बाजूला मऊ त्रिकोणी गादी असते. पाऊल टेकलं की खूर किंचित फाकतो, गादी दबते, आतलं रक्त वर ढकललं जातं. खुंट्याला अगाडी-पिछाडी घालून दिवसेंदिवस बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात ते यामुळे.

नाल ठोकताना दुखत नाही का, हे प्रत्येक शहरी पाहुणा विचारतो. खुराच्या कडेला तळातून बघितलं तर एक फिकट रेघ फिरते. तिच्या बाहेरचा भाग मेलेला, आतला जिवंत. खिळा बाहेरच्या भागात घालून खुराच्या भिंतीतून वर काढायचा, टोक मोडून वळवायचं. आजोबा हातोडीच्या आवाजावरून सांगायचे खिळा कुठे चाललाय. टणटण वाजला तर बरोबर, आवाज मऊ पडला की लगेच उपटायचे. खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून नाल झिजली नसली तरी सहा-आठ आठवड्यांनी काढून, खूर कापून पुन्हा बसवावी लागते. बाजारात नाल चकचकीत आणि खूर लांबलचक दिसला तर समजा, आधी नीट कापणी न करता वरवरची सजावट झालीय.

---

सौ_पारोळेकर

आमच्याकडे लग्नाला पांढरीशुभ्र घोडी लागतेच. तिचा रंग जन्मापासून तसाच असतो का?

---

तापीथडी

दोन प्रकार आहेत. नुकरा जन्मतःच पांढरा, खालची कातडी गुलाबी. दुसरा सब्जा. तो जन्मतो काळपट किंवा तांबूस आणि दर वर्षी केस पांढरे होत जातात. आठ-दहा वर्षांत सगळा पांढरा, पण नाकाडाजवळची कातडी काळी राहते. ओळखायला तेवढी खूण पुरे. या केस पिकवणाऱ्या बदलाचं जनुक २००८ मध्ये सापडलं. हाच बदल त्वचेच्या काळ्या गाठींनाही कारणीभूत ठरतो, म्हणून म्हाताऱ्या सब्ज्याच्या शेपटीखाली हात घालून बघायची पद्धत चुकीची नाही. पंधरा वर्षांपुढच्या बहुतेकांत गाठी सापडतात.

पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं), देवमण (गळ्यावरचा केसांचा भोवरा), कुठला भोवरा शुभ आणि कुठला घरबुडव्या, यावर लाखांचा फरक पडतो. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. भोवऱ्याने किंमत वाढते, घोडा नाही वाढत. मारवाडी-काठियावाडी घोड्यांचे कान मात्र खरोखर बघण्यासारखे. आतल्या बाजूला वळलेले, टोकाला टोक लागणारे, अर्धवर्तुळात फिरणारे. घोड्याचं लक्ष कुठे आहे ते कान सांगतात. दोन्ही मागे चिकटले की दोन पावलं मागे सरा.

---

भुसावळ_जंक्शन

मागे सरायचं कुठे? मागूनच तर लाथ बसते!

---

गुरांचा_डॉक्टर

घोड्याचा डोळा जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सगळ्यात मोठ्यांपैकी. दोन्ही बाजूंना डोळे असल्याने मान न हलवता जवळजवळ साडेतीनशे अंशांचं त्याला दिसतं. दिसत नाही ते दोन ठिकाणी. अगदी पाठीमागे आणि कपाळाच्या अगदी समोर. मागून गुपचूप गेलात तर लाथ, समोरून झटकन कपाळाला हात लावलात तर मान उडते. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधायचे ते याच साडेतीनशे अंशांमुळे, नाहीतर मागून येणारी प्रत्येक एसटी त्याला दिसणार.

रंग दोनच कुळांतले, निळा आणि पिवळा. तांबडा त्याला वेगळा कळत नाही. 'लाल फेटा बघून बिथरला' म्हणणाऱ्याने दुसरं कारण शोधावं. फेटा फडफडला असेल.

---

जिज्ञासू_अमळनेर

यात्रेत एक घोडा पायाने टाप मारून बेरीज सांगत होता. लोक नोटा लावत होते. घोड्याला गणित येतं?

---

तापीथडी

हा खेळ बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास गाजला. हान्स नावाचा घोडा बेरजा, तारखा, सगळं टापा मारून सांगायचा. मालक निवृत्त शिक्षक, पैसे घेत नव्हता, लबाडही नव्हता. तज्ज्ञांची समिती बसली, तिलाही फसवणूक सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने साधा प्रयोग केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असे प्रश्न घातले. हान्स सपशेल नापास! टापा योग्य आकड्यापर्यंत आल्या की विचारणाऱ्याची मान नकळत केसभर वर व्हायची, आणि घोडा थांबायचा. घोड्याला डोळे बांधले तरी तेच, नापास.

मला यात घोड्याची फजिती दिसत नाही. समितीतल्या शहाण्यासुरत्यांना जे दिसलं नाही ते त्याला दिसलं. पुढे मानसशास्त्रात आणि औषधांच्या चाचण्यांत तपासणाऱ्यालाच उत्तर माहीत नसावं असा जो दंडक आहे, तो समजावताना आजही हान्सचं नाव घेतात. पुढच्या वेळी त्या मालकाला पाठमोरा उभा करा, तोंडातून अक्षर काढू देऊ नका आणि मग नोट लावा.

---

ट्रॅक्टरवाला_शिंदखेडा

माझा ट्रॅक्टर ४५ हॉर्सपॉवरचा. म्हणजे ४५ घोडे?

---

तापीथडी

दिवसभर राबायच्या हिशेबाने साधारण तेवढे. जेम्स वॉटने आपलं वाफेचं इंजिन विकायला हे माप ठरवलं. एका दमात जोर लावायचा म्हटलं तर चांगला घोडा पंधराएक हॉर्सपॉवर काढतो. म्हणजे क्षणभरासाठी तीन घोड्यांत तुमचा ट्रॅक्टर. डिझेलचं तुम्ही बघा.

---

केळीबाग_यावल

सगळे बाजारातल्या घोड्याबद्दल लिहिताहेत, मी न दिसणाऱ्या घोड्याबद्दल लिहितो. माझे काका रात्री केळीला पाणी भरायला गेले आणि बांधावर घोणस चावली. वीज रात्रीचीच, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. दवाखान्यात पोचेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. बाटल्यांमागून बाटल्या लस गेली, काका वाचले. नर्सबाईंनी विचारलं होतं, 'आधी कधी घोड्याची लस घेतली आहे का?' आम्हाला काही कळेना. सापाचं विष आणि घोड्याचा काय संबंध?

---

गुरांचा_डॉक्टर

संबंध असा की ती लस घोड्याच्या रक्तातूनच येते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत टोचतात. मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोडा आजारी पडत नाही, पण त्याचं रक्त विषाला जखडणारे घटक बनवायला लागतं. मग ठरावीक अंतराने रक्त काढतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करून शुद्ध करतात. तांबड्या पेशी घोड्याला परतही देता येतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामात जुनं आहे. विष काढण्याच्या कामात तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेचा मोठा वाटा आहे. पिढीजात साप पकडणारे, आता त्यांचं विष काढून साप परत सोडून देतात.

घोडाच का? आकार मोठा, रक्त भरपूर, माणसाच्या सवयीचा. पण घोड्याची प्रथिनं आपल्या शरीराला परकी, म्हणून काहींना लस चढताना अंगावर गांधी उठतात, रक्तदाब पडतो. नर्सबाईंनी तो प्रश्न विचारला तो याच भीतीने. गावठी उपचारात वेळ घालवू नका हे जितकं खरं, तितकंच ही लस घरी टोचून घ्यायची नाही हेही.

ही युक्ती जुनी आहे. घटसर्पावरची लस अशाच प्रकारे निघाली आणि एमिल फॉन बेरिंगला १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला जिम नावाच्या घोड्याच्या रक्तापासून लस बनली. जिमला धनुर्वात झाला होता, तरी त्याचं रक्त वापरलं गेलं आणि तेरा मुलं दगावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने लशींवर देखरेखीचा कायदा केला.

---

सौ_पारोळेकर

हे मला अजिबात माहीत नव्हतं. काकांना आता बरं वाटतंय ना?

---

केळीबाग_यावल

हो ताई, पायाला थोडा जडपणा आहे, बाकी ठणठणीत. आता बॅटरी आणि गमबूट घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. डॉक्टर, काकांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, 'घोड्याला दाणा पाठवायला पत्ता विचार.'

---

नंदुरबारी_बाप

सगळा धागा वाचला. मुलीला घोड्यावर बसायला शिकायचंय, दहा वर्षांची आहे. यंदा यात्रेतून एखादं जनावर घ्यावं म्हणतो. बजेट बेताचं. नाचणारा नको. काय बघू?

---

गुरांचा_डॉक्टर

देखणा नको, शिकलेला घ्या. आठ ते बारा वर्षांचा, अंगाने लहान, गर्दीत उभा राहून कंटाळलेला दिसेल असा. सकाळी लवकर, न सांगता जा, व्यापाऱ्याने त्याला पळवून दमवायच्या आधी. तुमच्या डोळ्यांसमोर खरारा, खोगीर, लगाम सगळं करायला लावा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना चावायला धावतो का ते बघा. मऊ मातीवर सगळेच छान चालतात, म्हणून डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीने पळवा आणि टापांचा आवाज ऐका. चारही सारख्या वाजल्या पाहिजेत.

आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हा रोग माणसालाही होतो, त्यावर कायदाही कडक आहे. अहवालावरचं वर्णन आणि समोरचं जनावर जुळतं का ते बघा. तारीखही.

---

नंदुरबारी_बाप

घोडी घ्यावी की घोडा?

---

गुरांचा_डॉक्टर

मुलीसाठी खच्ची केलेला घोडा सगळ्यात शांत, पण आपल्या बाजारात कमी येतात. न सापडल्यास घोडी. मात्र गाभण आहे का ते आधी तपासून घ्या. अकरा महिन्यांचा हिशेब असतो, सुरुवातीला बाहेरून काही कळत नाही, आणि शिंगरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहून तुमच्या अंगणात हिंडायला लागतं. मग बजेट दोघांचं.